नोंदवहीला कुलूप, नक्कल मोकाट

उत्तर आयर्लंडच्या पोलिस दलाने ८ ऑगस्ट २०२३ रोजी दुपारी माहितीच्या अधिकाराखालील एका अर्जाला उत्तर दिले. अर्जदाराचा प्रश्न साधा होता. दलात प्रत्येक हुद्द्यावर किती अधिकारी आणि प्रत्येक श्रेणीत किती कर्मचारी आहेत, एवढेच त्याला हवे होते. उत्तरादाखल आकड्यांचा एक तक्ता जावयाचा होता व तो गेलाही; परंतु ज्या एक्सेल फायलीतून तो गेला तिच्यात आकड्यांच्या पानाआड आणखी एक पान होते. त्या पानावर दलातील ९,४८३ अधिकाऱ्यांची व कर्मचाऱ्यांची आडनावे, आद्याक्षरे, हुद्दे, नेमणुकीची ठिकाणे आणि विभाग असा सारा तपशील ओळीने मांडलेला होता. ती फाईल दोन तासांहून अधिक काळ साऱ्या जगाला खुली राहिली. आठवड्याच्या आतच, ती यादी शांतता-करार न मानणाऱ्या सशस्त्र प्रजासत्ताकवाद्यांच्या हाती पडली असल्याची कबुली दलाच्या प्रमुखांना द्यावी लागली.

एखाद्या शांत प्रदेशात ही लाजिरवाणी चूक म्हणून चार दिवसांत विसरली गेली असती. उत्तर आयर्लंडमध्ये तिचा अर्थ निराळा होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९८ च्या करारापर्यंत चाललेल्या रक्तपातात तेथील जुन्या पोलिस दलाचे तीनशेहून अधिक लोक मारले गेले. पुढे २००१ साली दलाची पुनर्रचना झाली, नावही बदलले. भीती मात्र उरली. आजही तेथील पोलिस गाडी सुरू करण्यापूर्वी वाकून तिच्या बुडाशी बॉम्ब लावलेला नाही ना, हे पाहतो. कॅथलिक समाजातून दलात आलेल्या काहींनी आपला पेशा आप्तांपासूनही लपविलेला असतो. त्याच वर्षी फेब्रुवारीत ओमा येथे मुलांना फुटबॉलचे धडे देऊन निघालेल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यावर त्याच्या मुलादेखत गोळ्या झाडण्यात आल्या होत्या. अशा प्रदेशात आडनाव व नेमणुकीचे ठिकाण एकत्र छापले जाणे, आणि आडनाव विरळा असेल तर विशेषच, म्हणजे घराचा पत्ता देण्यासारखेच आहे. पोलिसप्रमुख सायमन बर्न यांनी सप्टेंबरात राजीनामा दिला. त्यामागे इतरही वाद होते. माहिती-संरक्षणाचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटनमधील आयुक्तालयाने २०२४ साली दलाला साडेसात लाख पौंडांचा दंड ठोठावला, आणि सार्वजनिक संस्थांबाबतचे सौम्य धोरण नसते तर हीच रक्कम ५६ लाख पौंड झाली असती, असेही सुनावले.

या प्रकरणात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की चोर कोणीच नव्हता. कोणी कुलूप तोडले नाही, कोणी परवलीचा शब्द पळविला नाही. मनुष्यबळ विभागाच्या संगणकातून अधिकृत कर्मचाऱ्याने अधिकृत कामासाठी यादी काढली, ती एक्सेलच्या फायलीत उतरवली, मोजदाद करण्यासाठी तीत नवी पाने केली आणि काम उरकल्यावर दिसतील तेवढी पाने पुसून टाकली. मूळ पान तेवढे नजरेआड राहिले. फाईल नंतर वरिष्ठांच्या हातांतूनही गेली. कोणालाच ते दिसले नाही. मूळ नोंदवही शेवटपर्यंत सुरक्षितच होती. फुटली ती नक्कल.

बेलफास्टची यादी मनुष्यबळ विभागाच्या यंत्रातून निघाली होती. तथापि त्याच जातीची आणखी एक नोंदवही आज जवळजवळ प्रत्येक मोठ्या कार्यालयात, बँकेत आणि विद्यापीठात संगणकांच्या जाळ्याच्या मुळाशी बसलेली असते, आणि तिच्याकडे तंत्रज्ञांखेरीज कोणाचे लक्ष जात नाही. सकाळी कर्मचारी आपले नाव व परवलीचा शब्द टाईप करतो तेव्हा हा माणूस आपल्यापैकी आहे की नाही, याचा निवाडा तीच करते. तिला डिरेक्टरी म्हणतात, आणि हे नाव उगीच पडलेले नाही. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय समितीने १९८८ साली ‘एक्स. ५००’ या नावाने तिची मानके प्रसिद्ध केली तेव्हा कल्पना टेलिफोनच्या पुस्तकाचीच होती: कोणीही विचारावे आणि पुस्तकाने सांगावे. ती मानके फार अवजड ठरली. म्हणून मिशिगन विद्यापीठातील टिम हाउज व त्यांचे दोन सहकारी यांनी १९९३ मध्ये त्यांची सुटसुटीत आवृत्ती मांडली; ‘एलडॅप’ या नावाने ती आजही चालते. मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० बरोबर ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ आणली आणि कार्यालयांचे जग बव्हंशी तिच्या छत्राखाली गेले.

आजच्या अडचणीचे मूळ या वंशावळीतच आहे. टेलिफोनचे पुस्तक दडवून ठेवण्यासाठी छापीत नाहीत. त्याच न्यायाने ॲक्टिव्ह डिरेक्टरी जशी बसविली तशीच ठेवली, तर संस्थेत साधे खाते असलेला कोणीही, अगदी काल रुजू झालेला शिकाऊ उमेदवारसुद्धा, जवळजवळ प्रत्येक सहकाऱ्याची नोंद वाचू शकतो. त्यासाठी फार मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. एका ओळीची आज्ञा पुरते. तिच्या पूर्वार्धात कोणाकोणाची नोंद हवी ते सांगावयाचे आणि उत्तरार्धात ते सारे फायलीत उतरविण्यास सांगावयाचे, की क्षणार्धात एक्सेलमध्ये उघडणारा तक्ता तयार. एका खेपेला हजारच नोंदी द्याव्यात असा दंडक सर्व्हरवर आधीच घातलेला असतो हे खरे. पण तो सर्व्हरवरील भार आवरण्यासाठी आहे, गुप्ततेसाठी नव्हे. ‘पुढचे द्या’ असे म्हणत राहिले की पुढच्या हजार नोंदी मिळत जातात.

या तक्त्यात काय काय असते? नाव, हुद्दा, विभाग, दूरध्वनी, ई-मेल आणि साहेब कोण, एवढे तर टेलिफोनच्या पुस्तकासारखेच. परंतु त्याच्याच शेजारी खाते चालू आहे की बंद, परवलीचा शब्द शेवटी केव्हा बदलला, तो कधीच न बदलण्याची मुभा आहे काय, माणूस अखेर केव्हा आत आला आणि कोणकोणत्या गटांत त्याला प्रवेश आहे, हेही रकाने असतात. टेलिफोनच्या पुस्तकाने सदस्याच्या घराच्या किल्ल्या कोणाकोणापाशी आहेत हे छापावे, तसा हा प्रकार आहे. काही ठिकाणी तर वर्णनाच्या रकान्यात एखाद्या आळशी तंत्रज्ञाने आठवणीसाठी परवलीचा शब्दच लिहून ठेवलेला सापडतो, आणि तो सर्वांना वाचता येतो! म्हणूनच घुसखोराच्या हाती एखाद्या सामान्य कर्मचाऱ्याचे खाते लागले, की त्याचे पहिले काम म्हणजे डिरेक्टरीला हेच प्रश्न विचारणे. कोणाची यादी आयती तयार असेल तर त्याला तेवढाही त्रास घ्यावा लागत नाही.

मग अशा याद्या काढूच नयेत, असे म्हणावे काय? तसे म्हणणारे कारभारी आहेत. परंतु त्यांचे म्हणणे सोयीचे असले तरी शहाणपणाचे नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला इंधन पुरविणारी कोलोनियल कंपनीची तेलवाहिनी मे २०२१ मध्ये खंडणीखोरांच्या हल्ल्यामुळे काही दिवस बंद पडली, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या आणि कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलरची खंडणी मोजली. हल्लेखोर आत शिरले ते बाहेरून जाळ्यात येण्यासाठी पूर्वी ठेवलेल्या एका जुन्या खात्यातून. ते खाते वापरात नव्हते, पण बंदही केलेले नव्हते, आणि परवलीच्या शब्दाखेरीज दुसरी कोणतीही ओळख ते विचारीत नसे. असे मृतवत खाते शोधण्याचा मार्ग एकच: डिरेक्टरीला विचारणे, यादी काढणे आणि त्या यादीतील एकेका नावापुढे ‘हा माणूस अजून आहे काय’ याची खूण करणे. लेखापरीक्षक दरवर्षी ही यादी मागतात ते उगीच नव्हे. नोकरी सोडून गेलेल्यांची खाती, बदली झालेल्यांना चिकटून राहिलेले जुने अधिकार, कोणाच्याच नावावर नसलेली यंत्रांची खाती, ही अडगळ यादीवाचून दिसतच नाही. विचारण्याला बंदी घालणारी संस्था अधिक सुरक्षित होत नाही. ती आंधळी होते.

पण यादीवर विश्वास कितपत ठेवावा, हा प्रश्न उरतोच, आणि येथे तंत्रज्ञ सहसा गप्प राहतात. ‘शेवटचा प्रवेश’ या रकान्याचेच पाहावे. मोठ्या संस्थेत डिरेक्टरीच्या प्रती अनेक सर्व्हरवर असतात. त्यांतील एक नोंद ज्या सर्व्हरवर माणूस आत आला त्याच्यापाशीच राहते, इतरांना ती कळत नाही. दुसरी नोंद सर्वांना कळते, पण ती मुद्दामच सावकाश पोहोचविली जाते आणि दोन आठवड्यांपर्यंत मागे असू शकते. जो हे न जाणता पहिला रकाना उतरवून घेतो, त्याच्या यादीत रोज कामावर येणारा माणूस महिनोन्‌महिने गैरहजर दिसतो आणि त्याचे खाते बंद होते. एक्सेल स्वतःची भर घालते ती निराळीच. कर्मचारी क्रमांकाच्या आरंभीची शून्ये ते गिळते, पंधराहून अधिक आकडी क्रमांकाची शेपटी शून्यांत बदलते, दिवस व महिना यांची अदलाबदल करते. देवनागरीत लिहिलेली नावे तर फाईल योग्य लिपिसंकेतात जतन केली नसेल तर ओळखू येणार नाहीत अशा चिन्हांत छापून येतात. मराठी कार्यालयांतून इंग्रजीतच याद्या ठेवण्याची जी चाल पडली आहे, तिला हे एक बिनमहत्त्वाचे वाटणारे कारणही असावे.

ही हानी नेहमीच विनोदी नसते. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने २०२० साली कोविडच्या चाचण्यांचे निकाल एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फायलीत ओढून घेतले. त्या पद्धतीत एका पानावर ६५,५३६ हून अधिक ओळी मावत नाहीत. उरलेल्या ओळी निमूटपणे गळून पडल्या आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यातील १५,८४१ बाधितांची नोंद आकडेवारीतून सुटली. त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोधही तेवढ्या काळापुरता रखडला. बेलफास्टच्या फायलीत हवे त्याहून अधिक गेले, लंडनच्या फायलीत हवे त्याहून कमी आले. दोन्हीकडे फाईल पाहणाऱ्याला काहीच खटकले नाही, हे साम्य मात्र विलक्षण आहे.

अधिक जाण्याचे सर्वांत भयंकर उदाहरण ब्रिटनच्याच संरक्षण खात्याचे आहे. अफगाणिस्तानात ब्रिटिश फौजांना साहाय्य केलेल्या आणि तालिबानच्या भयाने ब्रिटनमध्ये आश्रय मागणाऱ्या लोकांच्या अर्जांची यादी फेब्रुवारी २०२२ मध्ये एका कर्मचाऱ्याने ई-मेलने बाहेर पाठविली. आपण सुमारे १५० ओळी पाठवीत आहोत, अशी त्याची समजूत होती. फायलीत ३३ हजारांहून अधिक ओळी होत्या. सुमारे १८,७०० अर्जदारांचा तपशील तीत होता. या लोकांच्या दृष्टीने यादीत नाव असणे हाच गुन्ह्याचा पुरावा होता. खात्याला हे कळले ते ऑगस्ट २०२३ मध्ये, त्या यादीचा काही भाग फेसबुकवर झळकल्यावर. त्यानंतर सरकारने न्यायालयाकडून असा मनाई हुकूम मिळविला, की बातमी छापण्यालाच काय, मनाई हुकूम अस्तित्वात आहे हे सांगण्यालाही बंदी होती. तो उठण्यास १५ जुलै २०२५ चा दिवस उजाडावा लागला. दरम्यान हजारो अफगाणांना गुप्त योजनेखाली ब्रिटनमध्ये आणले जात होते आणि संसदेला त्याचा पत्ता नव्हता. एका तक्त्याच्या चुकीसाठी लोकशाहीने दोन वर्षे आपल्याच प्रतिनिधींच्या डोळ्यांवर पट्टी बांधावी, हा प्रकार मूळ चुकीहून धाकटा म्हणता येणार नाही.

जुन्या दप्तरशाहीला नकलेचे महत्त्व अधिक चांगले कळत होते, असे म्हणण्यास जागा आहे. आपल्याकडे कोर्टातून एखाद्या कागदाची सही-शिक्क्याची नक्कल हवी असेल तर अर्ज करावा लागतो, शुल्क भरावे लागते. अर्ज केव्हा आला, नक्कल केव्हा तयार झाली आणि केव्हा हाती दिली, या तारखा त्या नकलेवरच लिहिलेल्या असतात. पक्षकार या दिरंगाईला विटतात आणि ते रास्तही आहे. परंतु नक्कल ही दुय्यम वस्तू नसून स्वतंत्रपणे हिंडणारा दस्तऐवज आहे, ही जाण त्या व्यवस्थेत होती. संगणकाने नक्कल फुकट आणि निमिषात दिली, तशी ही जाण गेली. डिरेक्टरीवर पहारे आहेत, अधिकारांच्या पायऱ्या आहेत, कोणी काय बदलले याची नोंद आहे. तिच्यातून उतरविलेली ‘सर्व कर्मचारी अंतिम नवीन’ अशा नावाची फाईल मात्र कोणाच्या ई-मेलमध्ये, कोणाच्या पेनड्राइव्हवर आणि कोणाच्या घरच्या संगणकावर पडली आहे, याची मोजदाद कोणापाशीच नसते. बंद झालेले खाते डिरेक्टरीत बंद होते. फायलीत ते चालूच राहते.

भारतात हा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही. २०२३ साली संमत झालेल्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संस्थांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाच्या आहेत. माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय न योजल्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. मात्र याच कायद्याने नोकरीच्या प्रयोजनासाठी कर्मचाऱ्याची माहिती हाताळताना त्याची संमती घेण्यातून मालकाला मोकळीक दिली आहे. व्यवहारात ती आवश्यक असेल. पण जेथे नाही म्हणण्याचा हक्क नाही, तेथे राखणदाराची जबाबदारी दुणावते. पुण्या-मुंबईतील लाखो संगणक-व्यावसायिक इतरांच्या डिरेक्टऱ्या सांभाळण्यावर पोट भरतात. त्यांच्या स्वतःच्या नोंदी किती फायलींत हिंडत आहेत, हे त्यांनाही सांगता येणार नाही.

सरकारी कार्यालयांपुढील पेच अधिक अवघड आहे. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर आपल्या अधिकाऱ्यांची व कर्मचाऱ्यांची निर्देशिका आणि त्यांचे मासिक वेतन स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले आहे. हे बंधन आजही कायम आहे. दुसरीकडे, नव्या कायद्याने माहिती अधिकाराच्या आठव्या कलमातील व्यक्तिगत माहितीसंबंधीचा अपवाद नोव्हेंबर २०२५ पासून विस्तारला आहे. पूर्वी माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, असे दाखवावे लागे; आता ती व्यक्तिगत आहे एवढे म्हणणे पुरते. व्यापक लोकहितासाठी माहिती देण्याची मुभा देणारे पोटकलम शिल्लक आहे, असे सरकार सांगते. शिल्लक आहे हे खरे. ते वापरण्याचा उत्साह माहिती अधिकाऱ्यांत किती असेल, याविषयी शंका घेण्यास हरकत नाही. केंद्राच्या कायद्याच्या आधी २००२ सालीच आपला स्वतंत्र माहिती अधिकार कायदा करणाऱ्या महाराष्ट्राला तरी हे वेगळे सांगावयास नको.

बेलफास्टची गोष्ट येथे ढाल म्हणून पुढे केली जाण्याचा धोका आहे. ‘पाहा, माहिती देण्याने काय अनर्थ होतो’ असे म्हणणे सोपे आहे. परंतु त्या अर्जदाराने एकाचेही नाव मागितले नव्हते. त्याला संख्या हव्या होत्या आणि संख्या देण्यात कोणाचाही जीव धोक्यात येत नव्हता. अनर्थ घडला तो संख्यांबरोबर त्या ज्या फायलीतून काढल्या ती फाईलच दिल्यामुळे. तेथील आयुक्तालयानेही सप्टेंबर २०२३ मध्ये सार्वजनिक संस्थांना जी तातडीची सूचना केली ती माहिती देणे थांबविण्याची नव्हती. मूळ एक्सेल फायली अर्जांच्या उत्तरादाखल चढवू नका, माहिती साध्या मजकुराच्या तक्त्यात रूपांतरित करून द्या, असे तिचे सांगणे होते. अशा तक्त्यात दडलेले पान राहूच शकत नाही.

कार्यालयांतर्गत याद्यांनाही हाच विवेक लावता येईल, आणि त्याला खर्च फारसा नाही. लेखापरीक्षकाला बंद न झालेली खाती पाहावयाची असतील तर त्याला दूरध्वनी, पत्ते आणि गटांची सदस्यता कशाला हवी? डिरेक्टरीला नेमके तेवढेच रकाने मागता येतात. ‘सारेच द्या’ हे मागणाऱ्याच्या आळसाचे लक्षण आहे, कामाची गरज नव्हे. यादी कोणी, केव्हा, कशासाठी काढली व ती केव्हा नष्ट करावयाची, हे तिच्या माथ्यावर लिहिण्यास चार ओळी पुरतात. शिकाऊ उमेदवाराला सर्वांचे सारे रकाने दिसावेत की नाही, हे ठरविणेही तंत्रज्ञांच्या हाती आहे. जुनी मोकळीक चालू राहते ती तिला हात लावल्यावर एखादी जुनी प्रणाली बंद पडेल या भयाने.

फायलींची ही नोंद नसेल तर कायद्याची घड्याळेही निरुपयोगी ठरतात. सायबर घटनांची दखल घेणाऱ्या केंद्रीय यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये दिलेल्या आदेशानुसार घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावयाची आहे. नव्या नियमांनुसार माहिती फुटल्याचे कळल्यापासून मंडळाला बहात्तर तासांत तपशील द्यावयाचा आहे. दोन्ही घड्याळे सुरू होतात ती कळल्यानंतर. ब्रिटनच्या संरक्षण खात्याला ते कळण्यास अठरा महिने लागले, आणि तेही बाहेरच्या माणसाने यादी उघड केल्यावर.